शेतातली गाडी रस्त्यावर येते तेव्हा...

ट्रॅक्टर, पॉवर टिलर, लिलावात घेतलेली लष्करी जीप, चार फुगीर चाकांची ‘एटीव्ही’... ही सगळी मुळात आडवाटेची वाहने. चिखलात, माळावर, डोंगरात ती राजासारखी फिरतात. पण बांध ओलांडून डांबरी सडकेवर आली की त्यांना कागद लागतात. ते नसले तर एक अपघात अख्खे घर बसवू शकतो. तंजावूरजवळच्या ओरत्तनाडुपासून कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यापर्यंत सर्वांनाच लागू पडणारी ही पासिंगची आणि विम्याची गोष्ट.

तंजावूरहून दक्षिणेला पट्टुकोट्टैचा रस्ता धरला की वीस-बावीस किलोमीटरवर ओरत्तनाडु लागते. तामिळनाडूतले हे तालुक्याचे गाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. तंजावूरचे सरफोजीराजे दुसरे यांनी १८०२ च्या सुमारास इथे मुक्तांबेच्या स्मरणार्थ छत्र बांधले. रामेश्वरला निघालेल्या यात्रेकरूंना इथे मुक्काम करता येई, दोन घास पोटात जात. छत्राच्या इमारतीला रथाचा आकार दिलेला आहे, अन् तो ओढायला दगडी हत्ती-घोडे! त्या काळी रस्ता होता पायी चालणाऱ्यांचा आणि बैलगाडीवाल्यांचा. गाडीला नंबर नव्हता, बैलाला विमा नव्हता, आणि कुणाचे काही अडतही नव्हते.

आज त्याच तालुक्यातून कल्लणै कालव्याचे पाणी खेळते. कावेरीच्या या खोऱ्यात भात हेच मुख्य पीक. मेट्टूर धरणाचे दरवाजे परंपरेने १२ जूनला उघडतात. पाणी पोहोचले की खाचरांत चिखलणीला ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर उतरतात. पोंगलच्या आगेमागे सांबा हंगामाची कापणी येते. मग कापणी-मळणीची अजस्र यंत्रे शेतात शिरतात, आणि भाताने भरलेल्या ट्रॉल्या सरकारी खरेदी केंद्रांकडे निघतात.

इथेच मेख आहे. खाचरापासून खरेदी केंद्रापर्यंतची वाट सार्वजनिक रस्त्यावरून जाते. त्या रस्त्यावर एस.टी. असते, शाळेला निघालेली पोरे असतात, रात्री दुचाकीवरून घरी परतणारा एखादा कुटुंबवत्सल माणूस असतो. शेतात चालवताना जे वाहन केवळ ‘अवजार’ वाटते, ते रस्त्यावर आल्यावर इतरांच्या जिवाशी गाठ घालणारे यंत्र होते.

‘माझ्याच शेतात चालवतो, मला कसले पासिंग?’

हा प्रश्न गावोगाव ऐकू येतो. उत्तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. हा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. रस्त्यावर चालण्याजोगे, यंत्राच्या शक्तीने पळणारे कोणतेही वाहन म्हणजे ‘मोटार वाहन’, अशी त्याची सोपी व्याख्या. त्यातून सूट मिळते ती रुळांवरून धावणाऱ्या वाहनांना, केवळ कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवाराच्या आत वापरण्यासाठीच बनवलेल्या खास वाहनांना, आणि चारपेक्षा कमी चाकांच्या, २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या चिमुकल्या गाड्यांना. ट्रॅक्टर यात कुठेच बसत नाही. त्याची तर कायद्यात स्वतंत्र व्याख्याच आहे.

पुढची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. नोंदणीचे कलम सांगते की, नोंदणी नसलेले मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी ‘किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ चालवायचे नाही. म्हणजे ‘माझे शेत, माझा ट्रॅक्टर’ ही सबब चालत नाही. विम्याचे कलम मात्र सार्वजनिक ठिकाणापुरते बोलते. पण सार्वजनिक ठिकाण म्हणजे केवळ हमरस्ता नव्हे. लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा त्यात येते. मग ती पाणंद असो, बाजाराचे आवार असो की देवळापुढचे मैदान.

उत्तर भारतात पाण्याच्या पंपाचे इंजिन लाकडी सांगाड्याला जोडून ‘जुगाड’ नावाची वाहने सर्रास चालत. ‘हे मोटार वाहनच नाही’ असा दावा त्यांच्याबाबत केला जाई. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये तो निकालात काढला. जुगाड हेही मोटार वाहनच आहे. नोंदणी, विमा आणि चालकाचा परवाना नसेल तर ते रस्त्यावर आणता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. घरच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनवलेल्या प्रत्येक गाडीला हा धडा लागू आहे.

ट्रॅक्टर एक, ट्रॉली दुसरी

नव्या ट्रॅक्टरचे पासिंग तसे सोपे. विक्रेताच बहुतेक कागद तयार करतो. नोंदणीचा अर्ज म्हणजे नमुना २०, विक्रीचा दाखला म्हणजे नमुना २१, वाहन रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला म्हणजे नमुना २२. सोबत विम्याचे प्रमाणपत्र आणि पत्त्याचा पुरावा. कर्ज काढून घेतला असेल तर आरसी बुकावर बँकेचा बोजा चढतो. नंबर मिळतो, तंजावूरच्या कार्यालयाचा असेल तर पाटीवर ‘टीएन ४९’ येते, कोल्हापूरचा असेल तर ‘एमएच ०९’. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली आहे. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षे टिकते. त्यानंतर वाहन तपासून घेऊन दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते.

गाडे अडते ते ट्रॉलीपाशी. कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली म्हणजे ‘ट्रेलर’, आणि ट्रेलर हेही एक मोटार वाहनच. तिला स्वतःचे इंजिन नसले तरी स्वतःची नोंदणी लागते, स्वतःचा क्रमांक लागतो. शिवाय ती ज्या ट्रॅक्टरला जोडली आहे त्याचाही क्रमांक तिच्यावर दिसला पाहिजे. कारण मागून येणाऱ्याला ट्रॅक्टरची पाटी दिसतच नाही.

प्रत्यक्षात काय होते? ट्रॅक्टर शोरूममधून येतो, ट्रॉली मात्र गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून. ती स्वस्त पडते, हवी तेवढी लांब-रुंद करून मिळते. पण तिच्या आराखड्याला मंजुरी नसते. ब्रेक नसतो. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. अशी ट्रॉली आरटीओत नेली तरी नोंदवून मिळत नाही. आणि नोंदणी नाही म्हटल्यावर विम्याच्या कागदावर तिचे नावच येत नाही. म्हणून ट्रॉली घेताना मान्यताप्राप्त उत्पादकाचीच घ्यावी. चार पैसे जास्त जातील, पण ती ट्रॉली कागदावर अस्तित्वात असेल.

ऊसपट्ट्यातल्या वाचकांना यापुढचे सांगायला नकोच. गळीत हंगामात रात्री बंद पडलेली, दिव्याविना रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली आणि मागून आलेला दुचाकीस्वार... दरवर्षी या बातम्या येतात. दहा-वीस रुपयांच्या लाल रिफ्लेक्टरने टळू शकले असते असे ते मरण असते.

पॉवर टिलरचीही नियमांत स्वतंत्र व्याख्या आहे. हे एकाच आसाचे यंत्र. चालक त्याच्या मागून चालतो. त्याला ट्रॉली जोडून माल नेता येतो, पण वेग ताशी २२ किलोमीटरच्या आत आणि भार दीड टनाच्या आत हवा.

चिखलणीच्या लोखंडी पिंजऱ्याच्या चाकांचेही तसेच. खाचरात ती हवीतच, त्यांच्याशिवाय चिखल ढवळला जात नाही. पण तीच चाके लावून ट्रॅक्टर सडकेवर आणला की डांबर सोलून निघते. दुसऱ्या शेताकडे जाताना ती उतरवून ट्रॉलीत टाकावीत, हा साधा शिरस्ता सगळ्यांच्याच फायद्याचा.

शेतीचा ट्रॅक्टर की भाड्याचा?

शेतीच्या ट्रॅक्टरला अनेक राज्यांनी करात सवलत दिली आहे, विम्याचाही वेगळा विचार केला जातो. पण ही सवलत शेतीच्या कामासाठी. स्वतःचे भात, ऊस, खत, बियाणे नेणे वेगळे आणि भाड्याने वाळू, विटा, मुरूम वाहणे वेगळे. २००५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ट्रॅक्टर आणि ट्रेलर जोडून मालवाहतूक केली जाते तेव्हा ते मालवाहू वाहन ठरते आणि त्याला परमिट लागते. परमिट आले की योग्यता प्रमाणपत्र आले, वेगळा कर आला, वेगळा विमा आला.

हंगाम संपला की ट्रॅक्टर नुसता उभा ठेवणे हप्ते भरणाऱ्याला परवडत नाही, हे खरेच आहे. मग तो बांधकामाच्या कामाला लावला जातो. हरकत नाही, पण तशी नोंद आणि तसा विमा करून! ‘शेतीसाठी’ म्हणून विमा उतरवायचा आणि माती वाहायची, यात वाचलेला हप्ता अपघाताच्या दिवशी शंभरपटीने वसूल होतो.

याचे बोलके उदाहरण २००७ चे. मातीकामावरचा एक मजूर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता, ट्रॉलीचा तर नव्हताच. सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीची जबाबदारी नाही असे मानले. मात्र मजुराची हलाखी पाहून आपल्या विशेष अधिकारात कंपनीला आदेश दिला की, त्याला पैसे आधी द्या आणि मग ते ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करा. मजुराला न्याय मिळाला. पण अखेर खिसा रिकामा झाला तो मालकाचा.

विमा म्हणजे नेमका कुणाचा?

‘थर्ड पार्टी’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तिसरी व्यक्ती कोण, हे विचारले की गोंधळ उडतो. करारात पहिला पक्ष वाहनमालक, दुसरा विमा कंपनी. तिसरा तो, जो या करारात कुठेच नाही पण ज्याला तुमच्या वाहनाची धडक बसू शकते. कायद्याने सक्तीचा आहे तो या तिसऱ्यासाठीचा विमा. तुमचा ट्रॅक्टर चोरीला गेला, उलटला, जळाला, तर त्याची भरपाई यातून मिळत नाही. त्यासाठी सर्वंकष विमा घ्यावा लागतो. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे असते. तेही पॉलिसीत आहे ना, ते पाहून घ्यावे.

विमा नसला तर दंड किती? २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा २,००० रुपये, पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नोंदणीविना वाहन चालवल्यास पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत, पुन्हा तोच गुन्हा केल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि कैदही होऊ शकते. परवान्याविना चालवणाऱ्याला ५,००० रुपये. ‘भरू की दंड!’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण खरा हिशेब दंडाचा नाहीच.

खरा हिशेब असा करून पाहा. समजा, तुमच्या ट्रॉलीवर आदळून एक ३० वर्षांचा तरुण गेला. महिन्याला १५,००० रुपये कमवत होता. घरी बायको आणि दोन मुले. अपघात न्यायाधिकरण सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीने भरपाई काढते. वर्षाची कमाई १,८०,००० रुपये. स्वतःचा व्यवसाय किंवा ठरावीक पगार असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाची भविष्यातली वाढ म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, झाले २,५२,०००. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, उरले १,६८,०००. त्याच्या वयासाठी गुणक १७. गुणाकार येतो २८,५६,००० रुपये! अंत्यविधीचा खर्च, कुटुंबाच्या वियोगाची रक्कम आणि व्याज त्यावर वेगळे. चूक दोघांची असेल तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते, एवढेच.

विमा असेल तर हे पैसे कंपनी देते. नसेल तर मालकाने द्यायचे. एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याकडे २८ लाख कुठून येणार? मग ट्रॅक्टर जातो, जमिनीवर जप्ती येते. आणि तिकडे त्या तरुणाच्या विधवेच्या हातीही वर्षानुवर्षे काही पडत नाही. कारण ज्याच्याकडून वसूल करायचे त्याच्याकडेच काही नसते. एका कागदाअभावी दोन्ही घरे बसतात.

आणखी एक मोठी गैरसमजूत. ‘विमा आहे ना, मग बसा ट्रॉलीत!’ लग्नाचे वऱ्हाड, जत्रेला निघालेली मंडळी, मतदानाला जाणारे म्हातारे-कोतारे... सगळे ट्रॉलीत दाटीवाटीने बसतात. लहान पोर मडगार्डवर! पण ट्रॅक्टरला आसन एकच, चालकाचे. मालवाहू वाहनातून फुकट किंवा भाडे देऊन जाणाऱ्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. वऱ्हाडाची ट्रॉली उलटली तर जखमींमध्ये आपलेच भाऊबंद असतात आणि भरपाईसाठी बोट दाखवले जाते तेही आपल्याकडेच. मंगलकार्याच्या खर्चात एका बसचे भाडे जास्त झाले तर कुरकुरू नये.

चालकाच्या परवान्याविषयी मात्र एक दिलासा आहे. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर रिकाम्या अवस्थेत साडेसात हजार किलोपर्यंतचा ट्रॅक्टर चालवता येतो. याच वजनमर्यादेतली मालवाहू व प्रवासी वाहने चालवायला वेगळ्या शेऱ्याची गरज नाही, असा निर्वाळा पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. परवान्याच्या मुद्द्यावरून दावे अडवण्याची एक वाट त्यामुळे बंद झाली. अर्थात परवानाच नसलेल्या सोळा वर्षांच्या पोराच्या हाती स्टिअरिंग देणाऱ्याला याचा काही उपयोग नाही.

लिलावातली जीप

आडवाटेच्या वाहनांत जीपचे प्रेम निराळेच. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप महिंद्रने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भारतात जुळवायला घेतली. पुढे जबलपूरच्या कारखान्यातली जोंगा आली, १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. लष्करातून निवृत्त झालेल्या या गाड्या लिलावात निघतात आणि हौशी मंडळी त्यांवर तुटून पडतात. किंमत मोहात पाडणारी असते. पण घरी आणल्यावर कळते की गाडी आहे, नंबर नाही!

लष्करी वाहनावर बाणाचा क्रमांक असतो. तो मुलकी रस्त्यावर चालत नाही. नोंदणी नव्याने करावी लागते. नियमांत त्याची तरतूद आहे: लष्करातून निकाली काढलेल्या वाहनासाठी संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेला नमुना २१ मधला मूळ विक्री दाखला आरटीओत सादर करावा लागतो. इथेच सगळे येऊन ठेपते. लिलावात घेणारा पहिला, त्याच्याकडून घेणारा दुसरा, मग गॅरेजवाला तिसरा... असे करत गाडी तुमच्यापर्यंत येते तेव्हा मूळ दाखला मधल्या मधे गहाळ झालेला असतो. चासीवरचा क्रमांक दाखल्याशी जुळत नाही, इंजिन भलत्याच गाडीचे असते. निरीक्षक गाडी पाहतो आणि अर्ज परत करतो. त्यात चूक निरीक्षकाची नसते.

तेव्हा पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. विक्रीचा मूळ दाखला, चासीवर कोरलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक. तिन्ही जुळले तर व्यवहार. ‘पासिंग मी करून देतो, तुम्ही फक्त पैसे द्या’ असे सांगणाऱ्या एजंटाला पासिंग झाल्यावरच पैसे मिळतील, असे सांगावे.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळे नियम आले. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. पण अशी गाडी प्रदर्शनासाठी, जुन्या गाड्यांच्या रॅलीसाठी, देखभालीसाठीच रस्त्यावर आणायची. रोजच्या बाजारहाटासाठी नव्हे.

फुगीर चाकांची हौस

पाचगणी-लोणावळ्याला किंवा कोकणच्या किनाऱ्यावर चार फुगीर चाकांच्या गाड्यांची चक्कर अनेकांनी मारली असेल. मोटारसायकलसारखे हँडल, खाली चार चाके. मोठ्या फार्महाऊसवाल्यांना, चहा-कॉफीच्या मळेवाल्यांना त्या कामाच्याही वाटतात. पाण्याचे पाइप, खताच्या गोण्या, फवारणीचा पंप घेऊन ती कुठेही चढते. मग प्रश्न येतो, हिला नंबर मिळेल का?

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच आहे. भारतात कोणतेही नवे मॉडेल नोंदवायचे तर त्याला आधी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी लागते. यांतल्या दोन मोठ्या संस्था महाराष्ट्रातच आहेत: पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची लष्करी वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई. ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांची तपासणी मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रात होते. ब्रेक, दिवे, धूर, सगळ्याची परीक्षा उत्पादकाने द्यायची असते. एकट्या ग्राहकाने सुट्या गाडीसाठी ती देणे व्यवहारात परवडत नाही. त्यामुळे मंजुरीविना आणलेली गाडी बंदिस्त आवारातच राहते. नंतर आरसे, इंडिकेटर, हॉर्न लावून ती ‘रस्त्याची’ होत नाही. कुणी तसे सांगत असेल तर तो दिवे विकतो आहे, पासिंग नव्हे.

काही उत्पादकांनी मात्र यातून नामी वाट काढली. अमेरिकेच्या पोलारिस कंपनीने आपली एक एटीव्ही भारतात चक्क ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून घेतली. ‘स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर’ हे तिचे नावच बोलके आहे. म्हणजे कायद्याच्या चौकटीत बसवायचे ते आधी, कारखान्यात. नंतर गल्लीतल्या गॅरेजात नव्हे. घेणाऱ्याने विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: ‘या मॉडेलची आरसी माझ्या नावाने निघेल, हे लिहून देता का?’

सजवा, पण जपून

नोंदलेल्या जीपला मोठी चाके लावणे, उंची वाढवणे, टप कापणे, इंजिन बदलणे, ही तर हौसेची परिसीमा. कायद्यातले कलम ५२ यावर बोट ठेवते: उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात याच कलमावर शिक्कामोर्तब केले. रंग बदलणे, किरकोळ वस्तू बसवणे याला हरकत नाही. पण सांगाड्याला हात लावायचा नाही. मंजूर गॅस किट, अपंगांसाठीची सोय किंवा परवानगी घेऊन बदललेले इंजिन यांना वाट आहे. मात्र तो बदल आरसीत नोंदवून घ्यावा लागतो. बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल हे नुकसानभरपाई नाकारायला तिला आयते मिळालेले कारण.

विकला, पण सुटला नाही!

शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित. जुना ट्रॅक्टर विकला, पैसे घेतले, चावी दिली. ‘कागद सावकाश करू’ म्हणून दोन वर्षे गेली. त्या ट्रॅक्टरने पुढे अपघात केला तर जबाबदार कोण? फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले: आरसीवर ज्याचे नाव, तोच मालक. मधे कितीही हात बदलले असोत. म्हणून राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवून घ्यायचे. नाव बदलले की विमाही नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायचा. गावच्या ओळखीत हे मागायला संकोच वाटतो. पण अपघातानंतर कोर्टात ओळख दाखवून चालत नाही, आरसी दाखवावी लागते.

घरात एकदा तपासून पाहा

● ट्रॅक्टरची आणि ट्रॉलीची, अशा दोन आरसी आहेत का?
● विम्याच्या कागदावर दोन्हींचे क्रमांक आहेत का? मुदत कधी संपते?
● वापर ‘शेतीसाठी’ लिहिला आहे की ‘भाड्याने’? प्रत्यक्षात काय चालते?
● चालवणाऱ्या प्रत्येकाचा परवाना चालू आहे का?
● ट्रॉलीच्या मागे दिवा, लाल रिफ्लेक्टर आणि क्रमांक आहे का?
● कर्ज फिटले असेल तर आरसीवरचा बोजा उतरवला का?
● विकलेल्या जुन्या गाडीवर अजून आपलेच नाव नाही ना?

हे काम एका दुपारचे आहे, आणि ते घरातल्या कर्त्या पुरुषानेच करावे असे मुळीच नाही. दाग्यांच्या डब्याशेजारी किंवा धान्याच्या कोठीमागे ठेवलेली ती प्लास्टिकची पिशवी कुठे आहे, हे बहुधा घरातल्या बाईलाच ठाऊक असते. तिने ती उघडून तारखा वाचाव्यात आणि विम्याची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवावी. वीजबिलाची, गॅसची तारीख जशी लक्षात राहते तशी ही राहिली पाहिजे.